कापलेले नाक, पुसलेल्या आठ्या

१.

आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी काही काळापूर्वी सलग तीन आठवडे काळा चष्मा लावून वर्गात उभे राहत असत. डोळे आले आहेत, असे त्यांनी सांगितले आणि आम्हीही ते मानले. पुढे एका निवांत दुपारी त्यांनी खरे काय ते सांगितले. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी दोन भुवयांमधल्या आठ्या घालवण्यासाठी बोटॉक्सची इंजेक्शने घेतली होती. घरी 'दाताचे काम आहे' असे सांगून ते गेले होते. परत आल्यावर नेहमीप्रमाणे जेवून आडवे झाले. संध्याकाळी केस कापायला गेले, तेव्हा वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या कारागिराने, कटिंग झाल्यावर, नेहमीप्रमाणे त्यांचे कपाळ आणि डोके चांगले रगडून दिले. आठवडाभरात एका डोळ्याची पापणी खाली उतरली. ती त्या चंपीमुळेच उतरली, असे छातीठोकपणे कुणालाही सांगता येणार नाही. सगळी पथ्ये पाळूनही औषध कधीकधी शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचते. पापणी पुढे पूर्ववत झाली. पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली. दवाखान्यातून त्यांना सूचनांचा एक छापील कागद मिळाला होता. तो घरात कुणाच्या हाती लागू नये, म्हणून त्यांनी न वाचताच वाटेत फेकून दिला होता.

हा प्रसंग त्यांच्या संमतीने, त्यांचे नाव न घेता येथे सांगत आहोत. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु तो फेकलेला कागद आम्हांला इतिहासाचा एक प्रश्न वाटला. पुरुषाने चेहऱ्यावर उपचार करून घेणे आणि त्यानंतर त्या चेहऱ्याची निगा राखणे ही लपवण्याची गोष्ट केव्हा ठरते आणि केव्हा ठरत नाही? या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्ही अठराव्या शतकाच्या अखेरच्या पुण्यापर्यंत जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२.

नाशिकमध्ये राहून चेहऱ्याचा विचार करायचा, तर सुरुवात नाकापासूनच करावी लागते. या गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती 'नवशिख' अशी, नऊ टेकड्यांवरून, सांगितली जाते. पण लोकांच्या तोंडी आहे ती दुसरी. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे 'नासिक'. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती उतरो वा न उतरो, एका गावाने आपल्या नावाची कथा म्हणून एक विद्रूप केलेला चेहरा निवडावा, ही बाब साधी नाही. त्या कथेत नाक कापले जाते, त्यावरून युद्ध पेटते, लंका जळते; पण कापलेल्या नाकाचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. त्या जखमेवर कुणी काय लावले, हा प्रश्न कथेच्या कक्षेतच येत नाही.

आपली भाषाही कापण्याच्या क्षणापाशीच थांबते. 'नाक कापले जाणे' म्हणजे अब्रू जाणे. 'नाक वर करून चालणे', 'नाक घासणे', 'नाक मुठीत धरणे' हे सारे मानापमानाचे वाक्प्रचार आहेत. मराठीत नाक हा श्वासाच्या अवयवापेक्षा इभ्रतीचा अवयव आहे. चेहऱ्याचा दुसरा बोलका भाग म्हणजे कपाळ. 'कपाळाला आठ्या पडणे' हा वाक्प्रचार कादंबरीतल्या बापांना, सासऱ्यांना, हेडमास्तरांना आणि आम्हां प्राध्यापकांना हवा तसा वापरता येतो. पुरुषाच्या कपाळावरची आठी हे त्याच्या अधिकाराचे चिन्ह मानले गेले. बाईच्या कपाळावरची आठी मात्र कुरकुर ठरली.

पुरुषाच्या रूपासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. देखणा, रुबाबदार, राजबिंडा, उमदा असे कितीतरी आहेत. मात्र हे सारे शब्द रूप असण्याविषयी बोलतात, ते राखण्याविषयी बोलत नाहीत. राखण्याच्या क्रियेकडे वळले की 'नट्टापट्टा', 'नखरे', 'छानछोकी' असे शब्द हाती येतात आणि त्यांना उपहासाचा वास येतो. दाढी करण्यासारखी रोजची पुरुषी कृतीही 'बिनपाण्याने हजामत' अशा रूपात फजितीचेच वर्णन करते. पुरुषाने देखणे असावे, पण त्यासाठी काही केलेले दिसू नये, असा हा भाषेतला अलिखित करार आहे. आमच्या सहकाऱ्यांनी कागद फेकला तो हा करार पाळण्यासाठीच.

३.

आता पुण्याकडे वळू. इ.स. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध जे युद्ध झाले, त्यात इंग्रज, निजाम आणि पेशवे एका बाजूला होते. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक गडी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला आणि मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशी आद्याक्षरे असलेल्या पत्रातून प्रसिद्ध झाली. सोबत त्या माणसाचे चित्रही होते. मूळ चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे रंगवणारा तो हाच वेल्स. पेशवाईच्या धुरिणांना रंगवणाऱ्या कुंचल्यानेच एका बैलहाक्याचे जोडलेले नाकही रंगवले आहे.

पत्रात त्या माणसाचे नाव 'कावसजी' असे दिले आहे आणि तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. आपल्या कानाला हे नाव पारशी वाटते. मूळ नाव काय असेल आणि इंग्रजी लेखणीतून उतरताना त्याचे काय झाले असेल, याचा विचार वाचकाने स्वतः करावा. ज्याने नाक बसवले, त्याचे तर नावही पत्रात नाही. तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता, एवढेच पत्र सांगते. आपल्याकडे वीटभट्टीचे काम बहुधा कुंभार करीत, म्हणून पुढच्या अनेक लेखकांनी त्याला कुंभार म्हटले. मुंबई इलाख्यातल्या ज्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, त्यांची नावे मात्र पत्रात आहेत. पाहणारे नोंदवले गेले, करणारा राहून गेला.

शस्त्रक्रियेचे वर्णन अतिशय नेमके आहे. मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो उरलेल्या नाकावर नाकासारखा बसवला गेला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेच्या आतली कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधोमध तिचा एक अरुंद देठ तसाच ठेवला. जुन्या नाकाच्या कडा खरवडून ताज्या केल्या. कपाळावरची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणली आणि नाकाभोवती घेतलेल्या चिरेत बसवली. हे सारे भूल देण्याची आधुनिक रीत येण्याच्या अर्धशतक आधीचे आहे. कावसजीला काय वेदना झाल्या, याबद्दल पत्रात शब्द नाही.

४.

इथपर्यंतची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. आमचे लक्ष वेधून घेतले ते पत्राच्या उत्तरार्धाने. कारण तिथे शस्त्र बाजूला ठेवले जाते आणि निगा सुरू होते.

सांधा धरून ठेवण्यासाठी कापडाच्या पट्ट्यांवर एक पदार्थ पाण्यात मऊ करून पसरला गेला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या गेल्या. इंग्रजी पत्र या पदार्थाला 'जपानी माती' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने ओळखते. प्रत्यक्षात ती माती नव्हे आणि जपानचीही नव्हे. तो आपल्या पानाच्या डब्यातला कात. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, आटवून कात काढतात आणि हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या सह्याद्रीच्या उतारावरील जमातीला 'कातकरी' हे नाव त्यावरूनच मिळाले. कात तुरट आहे. तो ओल आटवतो आणि कातडी आवळून धरतो. चार दिवस या लेपाखेरीज दुसरे काहीही लावायचे नाही. त्यानंतर तो काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला देठ कापायचा आणि मग नव्या नाकाचे रूप सुधारण्यासाठी आणखी थोडे कापकाम करायचे.

कात, तूप, उताणे निजणे, कापडाच्या वाती. ही सारी गावघरातली सामग्री आहे, आणि तिचा क्रम दिवसांनुसार ठरलेला आहे. 'तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही' अशी म्हण आपण संयम शिकवण्यासाठी वापरतो. पुण्याच्या त्या कारागिराने तुपाची फडकी ठेवून पंचवीस दिवस वाट पाहिली.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही नाक जोडण्याचा विधी आहे, हे आपण सर्व जाणतो. तेथे झाडाचे पान नाकाच्या मापाने घेऊन गालाची कातडी सोडवायला सांगितली आहे; नाकपुड्यांत नळ्या बसवायच्या, ज्येष्ठमधासारख्या द्रव्यांचे चूर्ण भुरभुरायचे, वर पांढरा कापूस ठेवून तो तिळाच्या तेलाने वारंवार भिजवायचा. त्यात आणि पुण्याच्या रीतीत कापण्याची जागाच वेगळी आहे. एकीत गाल, दुसरीत कपाळ. म्हणून एका ग्रंथापासून एका कारागिरापर्यंत सरळ रेघ ओढण्याची घाई आम्ही करणार नाही. विटा पाडणारा माणूस संस्कृत सूत्रे वाचून हे शिकला असण्याची शक्यता कमीच. साचा, माप, ओल, वाळण्याचा अवधी यांचे ज्ञान त्याच्या हातांत होते. दोन्ही रीतींत समान आहे तो शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा गंभीर विचार. कातडी जोडणे ही काही घटकांची गोष्ट. ती जगवणे हे आठवड्यांचे काम, हे दोन्हीकडे ओळखले गेले आहे.

आता त्या पंचविसाव्या दिवसाकडे पुन्हा पाहू. नाक जुळले होते, जगले होते. त्यानंतर जे कापकाम झाले ते केवळ ते बरे दिसावे म्हणून. दुरुस्ती संपून शोभा कोठे सुरू झाली, हे सांगणारी रेघ त्या दिवशी कुणी आखली नव्हती. मुळात कावसजीला नाक कशासाठी हवे होते? त्याचा हात परत येणार नव्हता. निवृत्तिवेतन मिळत होते, म्हणजे पोटाचा प्रश्न नाकाने सुटणार नव्हता. नाकाची छिद्रे उघडी होती, तेव्हा श्वास तर तो घेतच होता. त्याला हवे होते ते चारचौघांत वावरता येईल असे तोंड. आजच्या भाषेत ज्याला 'कॉस्मेटिक' म्हणून हिणवले जाते, तेच त्याने वेदना सोसून मिळवले आणि त्याबद्दल त्याला कुणी हसले नाही. उलट, लंडनपर्यंत त्याची तसबीर गेली.

५.

त्या तसबिरीने पुढे जे केले ते सुपरिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लंडनमधील शल्यविशारद जोसेफ कार्प्यू याने या रीतीचा अभ्यास केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर ती करून पाहिली. १८१६ साली त्याने आपल्या दोन रुग्णांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. १८१८ मध्ये जर्मनीत कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याचे याच विषयावरचे पुस्तक आले. युरोपात ही रीत 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाऊ लागली. कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागलेल्या रुग्णांसाठी कपाळाच्या कातडीचा उपयोग आजही केला जातो, आणि देठ कापण्यासाठी आजचे शल्यविशारदही साधारण तीन आठवडे थांबतात.

या साऱ्यात लक्षात घेण्याजोगे हे, की या प्रसिद्ध नाकांचे धनी सैन्याशी निगडित पुरुष होते. युद्धाने विद्रूप झालेला पुरुषाचा चेहरा दुरुस्त करणे हे सन्मानाचे काम ठरले. त्याची निगा राखणे, त्यावर तूप लावणे, आरशात पाहणे यात कुणाला नखरा दिसला नाही. शूर्पणखेच्या गावातल्या आम्हांला हा विरोधाभास अधिक टोचतो. शिक्षा म्हणून किंवा संशयापोटी ज्या बायकांची नाके कापली गेली, त्यांच्या तसबिरी कुणी लंडनला पाठवल्या नाहीत.

पुरुषाच्या चेहऱ्याला मोकळीक देणारे दुसरे कारण म्हणजे भूमिका. याचेही उदाहरण नाशिकच्याच मातीत आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' करताना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांना मिशा काढायला राजी करणे फाळक्यांना फार जड गेले, असे सांगितले जाते; कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर, अशी समजूत होती. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला व्याप नाशिकला हलवला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच चेहऱ्यावर मर्यादापुरुषोत्तम आणि जानकी! प्रेक्षकांनी ते गोड मानून घेतले. चेहरा गुळगुळीत करणे, रंग लावणे, तो उतरवणे हे सारे तिथे कामाचा भाग होते, म्हणून क्षम्य होते. मराठी संगीत रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टी नटांविषयी हेच म्हणता येईल.

म्हणजे पुरुषाच्या चेहऱ्याच्या निगेला आपल्याकडे दोन परवाने होते. एक जखमेचा, दुसरा भूमिकेचा. ज्याच्यापाशी यांपैकी एकही नाही, ज्याला केवळ स्वतःसाठी बरे दिसायचे आहे, त्याने काळा चष्मा लावायचा.

६.

बोटॉक्सचा इतिहासही मुळात दुखण्याचा आहे. खराब झालेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास जर्मन वैद्य यस्टिनुस केर्नर याने १८२० च्या दशकात केला. विशेष म्हणजे तो कवीही होता. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू न देणारे ते विष अत्यल्प मात्रेत औषध म्हणून वापरता येईल, ही कल्पना प्रत्यक्षात यायला दीड शतक लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरले. १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दरम्यान १९८७ च्या सुमारास कॅनडातील व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स यांना एका रुग्ण स्त्रीकडून कळले, की भुवयांमध्ये इंजेक्शन दिले की तिथल्या आठ्याही जातात. त्यांचे पती अॅलिस्टर त्वचातज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये या उपयोगावर लेख प्रसिद्ध केला आणि एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेत सौंदर्योपचार म्हणून या औषधाला पहिली मान्यता मिळाली, ती नेमकी याच जागेसाठी, भुवयांमधल्या आठ्यांसाठी.

जागा तीच आहे. कावसजीच्या कातडीचा देठ जिथे राखला गेला, तीच ही जागा. नाशिकच्या घाटावर गंध रेखतात तीही हीच. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक बारीक धमनी डोळ्याच्या खोबणीतून बाहेर येऊन कपाळावर चढते. त्या देठातून वाहणाऱ्या रक्तानेच पुण्याचे ते नाक जगले. सुरकुत्या भरून काढण्यासाठी 'फिलर' नावाचा जो चिकट पदार्थ टोचतात, त्याच्या दृष्टीने ही जागा आणि नाक हे चेहऱ्यावरचे अत्यंत धोक्याचे भाग मानले जातात. कारण या धमन्यांची मुळे डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेली आहेत. फिलर चुकून धमनीत शिरून मागे सरकला, तर दृष्टी जाऊ शकते. पुण्याच्या कारागिराला त्या धमनीचे शास्त्रीय नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. तेवढी चिंचोळी पट्टी कापायची नाही, इतके त्याला ठाऊक होते.

७.

आमच्या सहकाऱ्यांनी फेकलेल्या कागदावर काय असते, हे आम्ही पुढे एका त्वचातज्ज्ञांकडून समजून घेतले. बोटॉक्सनंतर चारेक तास आडवे व्हायचे नाही. त्या दिवशी चेहरा चोळायचा वा दाबायचा नाही. जोराचा व्यायाम, वाफ आणि मद्य टाळायचे. नाशिककराच्या दिनक्रमात याचा अर्थ असा, की त्या दुपारची वामकुक्षी नाही, शीर्षासन नाही, कपाळ टेकवून साष्टांग नमस्कार नाही. आणि सलूनमधली चंपी व फेशियल पुढचे काही दिवस नाही. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पुरता यायला दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. तेव्हा दुसऱ्याच दिवशी आरशासमोर उभे राहून निराश होण्याचे कारण नसते. पुरुषांचे भुवयांमधले स्नायू सहसा अधिक बळकट असतात, म्हणून मात्राही पुष्कळदा अधिक लागते.

फिलर जबड्याजवळ किंवा दाढीच्या भागात घेतला असेल, तर टोचल्याच्या खुणा मिटेपर्यंत वस्तरा लांब ठेवावा. नंतरही पाते स्वच्छ आणि स्वतःचे असावे. टोचल्यानंतर कातडी पांढरी वा जाळीदार निळसर पडली, वेदना वाढत गेली किंवा दिसण्यात काही फरक वाटला, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ डॉक्टर गाठावा. हायलुरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारे औषध आहे, पण त्याचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधी सांगावी. ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

रोजची निगा याहून साधी आहे. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुणे, दाढीनंतर जळजळणारे आफ्टरशेव्ह लावण्याऐवजी मॉइश्चरायझर, आणि सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, जे दुपारी बाहेर असल्यास पुन्हा लावावे लागते. रात्री रेटिनॉलसारखे तीव्र मलम वापरत असल्यास इंजेक्शनच्या मागेपुढे ते केव्हा थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. उन्हाने पडणाऱ्या सुरकुत्या इंजेक्शनने थांबत नाहीत. दुचाकीवरून उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाने महागडे इंजेक्शन घ्यावे आणि सनस्क्रीन मात्र बायकी म्हणून टाळावे, यात व्यवहार नाही.

या सूचना आम्ही कावसजीच्या पत्राशेजारी ठेवून वाचल्या. एकीकडे उताणे पडून राहायचे, दुसरीकडे आडवे व्हायचे नाही. एकीकडे कात आणि तूप, दुसरीकडे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. दोन्हींची जात एक आहे. काही दिवस आपल्या शरीराशी नम्रपणे वागा, असेच दोन्ही ठिकाणी सांगितले आहे. फरक इतकाच, की कावसजीला ते उघडपणे पाळता आले. पाच-सहा दिवस तो उताणा पडून होता, म्हणजे कुणीतरी त्याला पाणी दिले असणार, फडकी बदलली असणार. एक हात नसलेल्या माणसाला हे एकट्याने जमण्यासारखे नव्हते. त्याच्या निगेत माणसे सहभागी होती. आमच्या सहकाऱ्यांच्या निगेत कुणीच नव्हते. त्यांचा हितचिंतक असलेला सलूनवालाही केवळ माहिती नसल्यामुळे त्यांच्या कपाळावर जोर लावत राहिला.

हे उपचार घ्यावेत, असे आम्ही सुचवत नाही. वय वाढले की आठ्या पडतात आणि त्या घेऊन जगता येते. आमच्यापैकी बहुतेक जण तसेच जगत आहोत. सुंदर दिसण्याच्या बाजारपेठेविषयी आमच्या मनात शंकाही आहेत. पण ज्याला उपचार घ्यायचा आहे, त्याला तो चोरून घ्यावा लागतो, याची किंमत लाज भरत नाही, शरीर भरते. कोणत्या निगेला प्रतिष्ठा द्यायची आणि कोणतीला हसायचे, हे भाषा ठरवते, आणि भाषा शिकवणे हे तर आमचेच काम. वर्गात 'नाक कापणे'चा अर्थ सांगून आम्ही आजवर पुढे जात होतो. यंदा त्या वाक्प्रचाराबरोबर पुण्याच्या त्या अनाम कारागिराची गोष्टही सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग नाक जोडण्याला मराठीत वाक्प्रचार का नाही?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या वेळी स्टाफरूमकडे जाणारे आमचे ते सहकारी दारात क्षणभर थांबले होते. तास संपल्यावर त्यांनी पहिल्यांदाच सर्वांसमक्ष तो कागद मागितला. पुढच्या इंजेक्शनची वेळ आली आहे, म्हणाले. या वेळी घरी सांगून जाणार आहे.